माझ्या गळ्यातली तीन नावं

मित्रांनो, मी रेडिओ स्टेशनमधला एक जुना माईक आहे. जन्मभर मी फक्त ऐकलं. माझ्यासमोर जे बोलले त्यांचे शब्द गावभर फिरून आले आणि मी आपला लोखंडी दांड्यावर मान खाली घालून गप्प. आता मी एका घरातल्या फळीवर पडून आहे. एका बाजूला औषधांच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला न वाजणारं घड्याळ. आज मला बोलायचं आहे. बोलून काही बदलेल अशी आशा मला नाही, पण पोटात ठेवून तरी किती ठेवणार?

माझ्या पोटात एक पडदा आहे, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. कारखान्यात तो बसवणारी बाई काम करताना श्वास रोखून धरायची, कारण तेवढ्यानेही पडद्याला सुरकुती पडायची. माझ्याजवळ आलेलं पहिलं माणूस असं श्वास रोखून आलं. त्यामुळे असेल, पण मला पुढे माणसांचे शब्द कळण्याआधी त्यांचे श्वास कळू लागले. कोण घाबरलंय, कोण जिना चढून धापा टाकतंय, कोण रडून आलंय आणि हसायला बसलंय, हे मला लगेच समजायचं.

मला नेलं ते एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली टायरचं दुकान होतं. वर एक छोटी खोली, भिंतींना राखाडी फोम, एक काचेची खिडकी आणि दारावर लाल दिवा. मी सुरू झालो की दिवा लागायचा. दिवा लागला म्हणजे आपला आवाज बाहेर चाललाय, असं सगळे धरून चालत. मीही तसंच धरून चाललो होतो.

आम्हा माईकांच्या गळ्यात एक चौकोनी ठोकळा घालतात. त्यावर चारही बाजूंना स्टेशनचं नाव असतं, म्हणजे फोटो कुठूनही काढा, नाव दिसलंच पाहिजे. माझ्या गळ्यात पहिलं नाव आलं ते ‘शेजार’. निळ्या ठोकळ्यावर पांढरी अक्षरं. मला ते फार आवडायचं. नवा सदरा घालून मिरवणाऱ्या पोरासारखा मी ताठ उभा राहायचो.

‘शेजार’मध्ये दुपारी एक मुलगी बोलायला बसायची. सगळे तिला ताईच म्हणत. पहिल्या दिवशी तिचा श्वास एवढा धडधडत होता की मलाच धाप लागली. शिवाय तिचा ‘प’ थेट माझ्या पडद्यावर आदळायचा. यंत्रांची देखभाल करणारे वायरकाका काचेपलीकडून हसले. आत येऊन म्हणाले, “अगं पोरी, फुंकर घालून याला विझवतेस काय? मान जरा तिरकी कर.” तेव्हापासून ताई ‘प’ आला की मान किंचित वळवायची. लांबून कुणाला कळलंही नसतं. मला मात्र तेवढ्यावरून तिची ओळख पटायची.

त्या खोलीत पाण्याला बंदी होती. यंत्रांवर पाणी सांडलं तर सगळंच बंद पडायचं, म्हणून ताईची बाटली दाराबाहेर स्टुलावर असायची. एका उन्हाळी दुपारी तिचा घसा इतका कोरडा पडला की गाणं संपता संपता ती म्हणून गेली, “मंडळी, मला इथे पाणी मिळत नाही. तुम्ही तरी घोटभर पाणी प्या!” लोकांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी फोनवर लोक विचारू लागले, आज पाणी प्यायला सांगितलं नाही ते? मग ते रोजचंच झालं. तीन वाजले की ताई मान तिरकी करून म्हणायची, “मंडळी, घोटभर पाणी प्या.”

त्या दिवसांत माझं कौतुकही होत असे. वायरकाका मऊ फडक्याने माझं डोकं पुसायचे आणि नव्या माणसांना सांगायचे, “बाकी काहीही पाडा, याला पाडू नका.” मित्रांनो, ते ऐकून मला वाटायचं, आपण इथे कायमचे आहोत. तेव्हा मला आकड्यांचं काही ठाऊक नव्हतं.

कुठलं स्टेशन किती लोक ऐकतात, याचे आकडे यायचे. आकडे घसरले की साहेबांचा आवाज चढायचा. एक दिवस ठरलं की ‘शेजार’ म्हाताऱ्यांचं वाटतं, आता तरुणांचं स्टेशन करायचं. या धंद्यात एक रीत आहे. जुनं नाव जाऊन नवं यायच्या मधल्या दिवशी दिवसभर एकच आवाज पुन्हा पुन्हा लावायचा, म्हणजे लोक चक्रावतात आणि चर्चा होते. आमच्याकडे त्या दिवशी कोंबडा लावला होता. सकाळपासून कोंबडा आरवतोय आणि टेलिफोन वाजतोय. लोक शिव्या घालत होते. साहेब टाळ्या वाजवत होते. “बघा, सगळं गाव आपल्याबद्दलच बोलतंय!”

दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यातून ‘शेजार’ काढलं आणि भडक पिवळं ‘धिंगाणा’ घातलं. ताईचंही नाव बदललं. ती आता ‘बिजली’ झाली. तिला सांगितलं की हळू बोलायचं नाही, थांबायचं नाही, गाणं सुरू व्हायच्या आत वाक्य संपवायचं. बिचारी माझ्या तोंडाशी येऊन ओरडायची. दिवा विझला की खुर्चीत मागे रेलून डोळे मिटायची. तीन वाजताचं वाक्य तेवढं तिने सोडलं नाही. “ए पब्लिक, घोटभर पाणी प्या!” असं ओरडून का होईना, म्हणायचीच.

ते का, हे मला याच काळात कळलं. लोकांना वाटतं, दिवा विझला की माईक बहिरा होतो. तसं नसतं. गाणी चालू असताना ताई वायरकाकांशी बोलायची, ते मी सगळं ऐकायचो.

ताईची आई गेली होती. घरी वडील एकटेच. त्यांना ती अण्णा म्हणायची. अण्णांनी सगळं आयुष्य कारखान्यात भोंग्यावर काढलं होतं. भोंगा झाला की काम सुरू, भोंगा झाला की काम बंद. आता त्यांना मधुमेह होता, आणि विसरायला होऊ लागलं होतं. दुपारची गोळी घेतली की नाही तेच आठवायचं नाही. कधी राहून जायची, कधी दोनदा घेतली जायची. गोळ्यांचं पाकीट मात्र शर्टाच्या खिशात, कुणाच्या हाती द्यायचे नाहीत.

“काढून घेतलं एकदा,” ताई काकांना सांगत होती. “तर दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“मग करतेस काय?”

“ठरवलंय आमचं. घेतली की नाही याचा विचारच करायचा नाही. रेडिओवर मी पाणी प्यायला सांगितलं की गोळी घ्यायची. नाही सांगितलं तर नाही घ्यायची. ते म्हणाले, हे बरं झालं, आपला भोंगा परत आला.”

काका हसले. “आणि धिंगाण्यातला तुझा आवाज ओळखतात?”

“पहिल्या दिवशी म्हणाले, कोण ती पोरगी एवढी खेकसत होती? पण गोळी घेतली हं.”

तेव्हापासून तीन वाजता माझ्या पडद्यावर यायचा तो श्वास वेगळा लागू लागला. गावासाठी ती थट्टा होती. एका घरात एक म्हातारा माणूस मात्र खिशावर हात ठेवून वाट पाहत बसलेला असायचा. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा म्हणून सांगू! एका माणसाचा जीव माझ्यातून जाणाऱ्या एका वाक्यावर चालला होता.

‘धिंगाणा’चंही हसं झालं. तरुणांनी ऐकलं नाही आणि म्हातारे आधीच निघून गेले होते. आकडे अजून खाली गेले, साहेब बदलले. नवे साहेब म्हणाले, लोक थकलेत, त्यांना शांतता हवी. पुन्हा एक दिवस एकच आवाज. या खेपेला घड्याळाची टिकटिक. पण त्यांनी आधी सांगितलं होतं, म्हणून ताईने त्या दिवशी रजा टाकली आणि अण्णांजवळ बसून स्वतः गोळी दिली. मग पिवळा ठोकळा गेला आणि फिकट हिरवा आला. त्यावर बारीक अक्षरांत ‘निवांत’.

माझे ते शेवटचे बरे दिवस. जुनी गाणी लागायची. ताईला तिचं ‘ताई’ हे नाव परत मिळालं. तिला एवढ्या सावकाश बोलायला सांगितलं होतं की वायरकाका म्हणायचे, “वाक्याच्या मध्ये मी चहा घेऊन येतो.” आणि पाणी प्यायचं वाक्य आता लोकांच्या तोंडी बसलं. साहेबांनी ते पिशव्यांवर छापलं, बाटल्यांवर छापलं. एके दिवशी ते स्वतः आत आले.

“ताई, तेवढं एक वाक्य छान, स्वच्छ म्हणून द्या. मागे गाणं नको, काही नको. कॉम्प्युटरवर राहील. तुमची ओळख आहे ती, आमचीही.”

ताईला बरंच वाटलं. ती माझ्याजवळ सरकली, मान तिरकी केली आणि म्हणाली, “मंडळी, घोटभर पाणी प्या.” मित्रांनो, मी इतके आवाज ऐकले, पण तेवढं मायेने भरलेलं वाक्य दुसरं नाही ऐकलं. ती अण्णांकडे बघून बोलावं तशी बोलली होती. मी ते जसंच्या तसं उचललं, श्वासासकट. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. तिलाही वाटलं नाही.

पुढे स्टेशन विकलं गेलं. नवी माणसं आली, ती चपला न वाजवता चालायची. काचेपलीकडे उभं राहून आमच्याकडे बघायची आणि आपसात कुजबुजायची. वायरकाकांनाही काही कळेना. एका दुपारी ताई कामावर आली तर तिला आणि बाकीच्या बोलणाऱ्यांना दारातूनच बैठकीच्या खोलीत नेलं. फोन बाहेर टोपलीत ठेवायला लावले, बातमी फुटू नये म्हणून. काकांना गच्चीवर पाठवलं, जुनी पाटी उतरवायला. मी खोलीत एकटा. खुर्ची रिकामी, दार उघडं, दिवा विझलेला.

आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून ताईचा आवाज आला. “मंडळी, घोटभर पाणी प्या.” मग पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज. मग एक अनोळखी, गुळगुळीत पुरुषी आवाज: “उद्यापासून, नवं स्टेशन, ‘फक्त’.” थोडी शांतता. आणि पुन्हा, “मंडळी, घोटभर पाणी प्या.”

मला आधी वाटलं, काहीतरी अडकलं असेल. पण ते थांबेना. तोच श्वास, तीच तिरकी मान, तीच माया. माझ्यातून गेलेली. नव्या माणसांना कोंबडा आणायचीही गरज पडली नव्हती, त्यांना कॉम्प्युटरवर तयार वाक्य सापडलं होतं. त्यांना काय माहीत, त्या वाक्याला गावात एका खिशातून उत्तर जातं? मला ओरडता येत नव्हतं. मला दाराकडे बघतासुद्धा येत नव्हतं.

जुनी पाटी खाली पोचवताना वायरकाकांना ते टायरच्या दुकानातल्या रेडिओवर ऐकू आलं असावं. जिन्यावर त्यांची धावपळ मी ऐकली, बैठकीच्या काचेवर त्यांची थाप ऐकली. “ताईला बाहेर सोडा! अहो, तिचे वडील आहेत घरी!” कुणीतरी म्हणत होतं, बैठक संपू द्या. मग खुर्ची पडल्याचा आवाज झाला आणि ताई धावत आत आली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने माझी मान धरून मला ओढलं, बटण दाबलं. दारावरचा लाल दिवा लागला.

“अण्णा!” ती म्हणाली. “अण्णा, मी बोलतेय. गोळी घेऊ नका. ते मी नाही, ते रेकॉर्डिंग आहे. पाकीट खाली ठेवा. अण्णा, ऐकताय ना? मी सांगेपर्यंत एकसुद्धा घेऊ नका हो.”

तिचा ‘प’ माझ्यावर थडकला. तिने मान वळवली नव्हती. आणि स्पीकरमधून तिचाच आवाज शांतपणे म्हणाला, “मंडळी, घोटभर पाणी प्या.”

वायरकाका यंत्रांच्या मागे वाकून तारा उपटत होते. ते हातातली तार टाकून उठले. “ताई, इथून बाहेर काहीच जात नाहीये गं. सगळं त्यांनी थेट त्यांच्या ऑफिसातून जोडलंय. दिवा नुसता लागतोय.”

ताईला ते पटेना. दिव्याकडे बघत ती बोलतच राहिली. मी तिचा शब्द न् शब्द पडद्यावर झेलला, तारेत सोडला, आणि तार कुठेच जात नव्हती. मित्रांनो, माईकाचं काम एकच, बोललेलं पलीकडे पोचवायचं. ज्या दिवशी खरोखर काही पोचवायचं होतं, त्या दिवशी मी नुसता लोखंडाचा तुकडा होतो.

मग तिने टोपलीतून फोन काढून घरी लावला. घंटा वाजत राहिली. अण्णा रेडिओ मोठ्याने लावायचे, त्यापुढे फोन कसला ऐकू येतोय? शेजारच्या वहिनी कामावर गेलेल्या. ती पर्स तिथेच टाकून निघाली. जिन्यावरून उतरणारी तिची पावलं मला ऐकू येईनाशी झाली, तरी स्पीकरवर ती पाणी प्यायला सांगतच होती.

अण्णा जिवंत राहिले. हे मी आधीच सांगतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. ताई पोचली तेव्हा ते खुर्चीत घामाने निथळून बेशुद्ध पडले होते, मांडीवर रिकामं पाकीट. प्रत्येक वेळी सांगितलं, प्रत्येक वेळी घेतली. भोंग्याशी हुज्जत घालायची नसते, हे ते आयुष्यभर शिकले होते. रक्तातली साखर फार वेळ खाली राहिली. दवाखान्यातून ते घरी आले, पण सगळेच्या सगळे आले नाहीत. लेकीचा चेहरा ते आता कधी ओळखतात, कधी नाही.

स्टेशनवर ताईला परत यायचंच नव्हतं. नव्या ‘फक्त’मध्ये नुसती गाणी होती, बोलणारं कुणी नव्हतं. तेच त्यांचं घोषवाक्य होतं, फक्त गाणी, बडबड नाही. त्यामुळे चौथं नाव माझ्या गळ्यात आलंच नाही. हिरवा ठोकळा काढला आणि मला खुर्च्या, पंखे, फुटक्या ट्यूबलाइटांबरोबर एका कोपऱ्यात टाकलं. धुळीने माझी जाळी भरली. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी वायरकाकांनी मला फडक्यात गुंडाळलं आणि ताईच्या घरी आणलं. “हा तरी तुझ्याजवळ राहू दे,” म्हणाले. तिने मला या फळीवर ठेवलं. फडकं तिने घडी करून माझ्याखालीच घातलंय.

पहिल्या दिवसांत ती अण्णांसमोर पेला घेऊन बसायची. घरात रेडिओ उरला नव्हता. ती अगदी मऊ आवाजात म्हणायची, “अण्णा, घोटभर पाणी प्या.” तिचा आवाज कानी पडला की म्हातारा दचकायचा, तोंड घट्ट मिटायचा आणि शर्टाचा रिकामा खिसा चाचपायचा. एकदा तर अण्णा रडायलाच लागले. “घेतली गं बाई, घेतली. पुरे कर. किती वेळा सांगशील?”

ती काहीबाही समजावत राहिली. पण समजावायचं तरी आवाजानेच ना? जितकी बोलेल तितके ते भिंतीकडे सरकत गेले.

हल्ली ताई घरात बोलत नाही. गोळी तळहातावर ठेवून ती हात पुढे करते आणि मुक्याने वाट बघते. कधी ते घेतात, कधी हात झिडकारतात. स्वयंपाकघरातूनही ती हाक मारत नाही. जिच्या आवाजावर सगळं गाव पाणी प्यायलं, ती स्वतःच्या घरात मिठाची गुळणी धरून वावरते. तिच्या श्वासावरून ती कुठे आहे ते मी ओळखतो. दुसरं काही माझ्या कानी पडत नाही.

परवा वायरकाका आले होते. दारात बराच वेळ घुटमळले. मग खालच्या आवाजात म्हणाले की ‘फक्त’ही चाललं नाही, आता पुन्हा नाव बदलणार आहेत. नवं नाव ‘आपली माणसं’. लोकांना म्हणे जिव्हाळा हवाय. “त्यांनी तुला विचारायला सांगितलंय. ते पाण्याचं वाक्य, नव्याने एकदा म्हणून देशील का? मी नाही म्हटलं होतं. तरी म्हणाले, विचारून तर बघा.”

आतल्या खाटेवर अण्णांनी कूस बदलली. ताईने घाईने ओठांवर बोट ठेवलं. काकांनी मान डोलावली आणि चपला हातात घेऊन ते पाय न वाजवता जिना उतरले.

मित्रांनो, आम्हा वस्तूंनी शेवटी काही मागायचं असतं. मला पुसा, मला नवा ठोकळा घाला, असं मी म्हणणार नाही. माझं आता काही होणार नाही. एवढंच सांगतो, कुणाचा आवाज तुमच्या हाती लागला तर तो कापून, जोडून, हवा तिथे वाजवण्याआधी विचारा की हा कुणासाठी बोलला होता. आणि आपल्या माणसाला काही सांगायचं असेल तर जवळ जाऊन, हाताला हात लावून सांगा, माझ्यासारख्याच्या भरवशावर राहू नका.

आत्ताच तीन वाजले असावेत. ताई पेला घेऊन आत गेली आहे. दार उघडं आहे आणि मी कान देऊन आहे. खाट करकरली. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला, भरलेला. ती काहीच बोललेली नाही.